सपाट बाजू, सरळ कड : जॉइंटरची जुळणी आणि सुरक्षित वापर

वाळलेली फळी सहसा सरळ नसते. लाकूड वाळताना आकसते, पण सगळ्या दिशांनी सारखे आकसत नाही. वाढीच्या वलयांच्या रेषेत ते सर्वांत जास्त आकसते, गाभ्यापासून सालीकडच्या दिशेत त्याहून कमी, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. या विषमतेतून चार दोष निर्माण होतात. फळी रुंदीत पन्हळीसारखी खोलगट होते, लांबीत धनुष्यासारखा बाक घेते, कडेच्या अंगाने एका बाजूला वळते, किंवा तिला पीळ पडतो, म्हणजे कोनाकोनी समोरचे दोन कोपरे वर उचलले जातात. अशी फळी थेट थिकनेसरमध्ये, म्हणजे जाडी सारखी करणाऱ्या यंत्रात, घातली तर यंत्राचे रूळ तिला टेबलावर दाबून धरतात, वाकडी फळी तेवढ्यापुरती सरळ होते, पाते वरची बाजू खालच्या बाजूला समांतर कापते आणि दाब सुटताच फळी आपल्या मूळ आकारात परत जाते. जाडी सगळीकडे सारखी झालेली असते, फळी मात्र वाकडीच राहते. थिकनेसरला नक्कल करण्यासाठी आधी एक खरी सपाट बाजू लागते. ती तयार करणे आणि तिच्याशी काटकोनात एक सरळ कड काढणे, हे जॉइंटरचे काम.

आपल्याकडे हे यंत्र ‘सरफेस प्लेनर’ किंवा नुसते ‘रंधा मशीन’ म्हणून ओळखले जाते. जॉइंटर हे अमेरिकी वळणाचे नाव, आणि ते हत्यारांच्या जुन्या घराण्यातून आले आहे. हातरंध्यांमधल्या सर्वांत लांब, साधारण ५५ ते ६० सेंटिमीटरच्या रंध्याला इंग्रजीत हेच नाव होते, कारण दोन फळ्यांच्या कडा सांधण्याजोग्या सरळ करणे हे त्याचे मुख्य काम. आखूड रंधा लाकडाच्या चढउतारांवरून होडीसारखा वरखाली होत जातो. लांब रंधा उंचवट्यांवर टेकून राहतो, खळग्यात उतरत नाही, आणि उंचवटे संपेपर्यंत तेवढेच कापत राहतो. जॉइंटर म्हणजे हाच लांब रंधा उलटा करून जमिनीवर बसवलेला. फरक इतकाच की इथे रंधा जागेवर असतो आणि लाकूड त्याच्यावरून जाते. अंगात फिरते पाते असलेला हा रंधा तोंड वर करून उघडा असतो, आणि त्याच्यावरून लाकूड नेणारे साधन म्हणजे माणसाचे हात. या यंत्राचा सगळा धोका या एका रचनेत आहे.

लाकूड यंत्राने रंधण्याचे प्रयत्न अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये सुरू झाले. सॅम्युएल बेंथम यांनी १७९१ मध्ये रंधण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, जोसेफ ब्रामा यांनी १८०२ मध्ये, आणि अमेरिकेत विल्यम वुडवर्थ यांचे पेटंट १८२८ चे. फिरत्या दांड्यावर पाती बसवण्याची कल्पना त्यानंतर रुळली. पण दीर्घकाळ हा दांडा चौकोनी ठोकळ्याचा असे. चौकोनाच्या सपाट बाजू आणि टेबलाच्या ओठांमध्ये मोठी फट राहायची. त्या फटीत बोट गेले की ठोकळ्याचा पुढचा कोपरा ते आत ओढायचा आणि पाठोपाठ पंजा जायचा. ठोकळा गोल केल्यावर पात्याची फक्त धार बाहेर डोकावते, बाकीची जागा धातूने भरलेली राहते, आणि त्यामुळे एका फेरीत मांस किती खोल कापले जाईल यावर मर्यादा येते. ब्रिटनच्या १९२२ च्या नियमांनी हाताने लाकूड ढकलायच्या यंत्रांना गोल ठोकळा, म्हणजेच गोल ब्लॉक, सक्तीचा केला. भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाखाली झालेल्या नियमांतही तीच अट आली. अमेरिकी नियम आकडाच देतात: गोल ब्लॉकच्या पृष्ठभागाबाहेर पाते इंचाच्या एक अष्टमांशापेक्षा, म्हणजे सुमारे ३.२ मि.मी.पेक्षा, जास्त येता कामा नये. लाकूडकामाच्या यंत्रांच्या इतिहासात इतक्या साध्या बदलाने इतके हात वाचवल्याचे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल. जुन्या बाजारातून यंत्र विकत घेणाऱ्याने पहिली गोष्ट पाहायची ती हीच. ब्लॉक चौकोनी असेल तर ते यंत्र वापरात आणू नये.

यंत्राची रचना थोडक्यात अशी. दोन लांब बिडाची टेबले, त्यांच्यामध्ये फिरता ब्लॉक आणि एका बाजूला उभी आधारपट्टी, म्हणजे फेन्स. लाकूड ज्यावरून पात्याकडे जाते त्याला इथे आवक टेबल म्हटले आहे, आणि कापून झालेले लाकूड ज्यावर उतरते ते जावक टेबल. जावक टेबल पात्याच्या फेरीच्या सर्वोच्च बिंदूशी समपातळीत असते. आवक टेबल त्याहून खाली, आणि दोन टेबलांच्या उंचीतला फरक म्हणजेच कापाची खोली. ब्लॉकवर सहसा तीन पाती असतात. वेग मिनिटाला ५,००० फेऱ्या धरला तर मिनिटाला १५,००० काप होतात, म्हणजे सेकंदाला अडीचशे. ब्लॉकचा व्यास ७५ मि.मी. असेल तर धारेचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर, तासाला ७० किलोमीटर. धक्का जाणवून हात मागे यायला माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. तेवढ्यात पन्नास पाती येऊन गेलेली असतात. ‘सावध राहिलो तर हात मागे घेता येईल’ या समजुतीला या आकड्यांत जागा नाही.

सुरक्षेचे नियम आणि यंत्राची जुळणी हे बहुधा दोन वेगळे धडे म्हणून शिकवले जातात. वास्तविक तो एकच धडा आहे. नीट जुळलेल्या, धारदार यंत्रावर लाकूड हलक्या हाताने आणि एका लयीत पुढे सरकते. बिघडलेल्या यंत्रावर ते अडते, कारागीर जोर लावतो, आणि जोर लावलेला हात निसटला तर तो पात्यावरच येतो. म्हणून सुरक्षा पात्यावर हात जाण्याच्या किती तरी आधी, पाना आणि सरळपट्टीपासून सुरू होते.

जुळणीच्या कोणत्याही कामाआधी प्लग काढलेला हवा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. पहिली तपासणी टेबलांची. दोन्ही टेबले एकमेकांना समांतर असली पाहिजेत, म्हणजे आवक टेबल जावक टेबलाच्या उंचीला आणले की दोन्ही मिळून एकच पातळी व्हावी. खात्रीची लांब सरळपट्टी दोन्ही टेबलांवर लांबीने आणि कोनाकोनी ठेवून खालून फीलर गेज घालून पाहिले की दोष दिसतो. बाहेरची टोके खाली झुकलेली असतील तर रंधलेली कड मध्ये पोकळ येते. टोके वर उचललेली असतील तर मध्ये फुगीर येते. टेबले उतरत्या खाचांवर सरकणारी असतील तर खाचांत पातळ पत्र्याच्या पट्ट्या घालून ही चूक काढता येते. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला अर्धा दिवस जातो, पण ते एकदाच करायचे असते. टेबले झुकलेली असताना बाकीची कितीही जुळणी केली तरी सरळ कड मिळत नाही, आणि दोष मात्र पात्यांच्या माथी मारला जातो.

दुसरे काम पात्यांचे, आणि खरे कौशल्य इथे लागते. प्रत्येक पाते ब्लॉकच्या खाचेत पाचरपट्टीने आवळलेले असते. खाली स्प्रिंग किंवा उचलस्क्रू असतात. तिन्ही पाती एकाच उंचीला हवीत आणि प्रत्येक पाते आपल्या पूर्ण लांबीत जावक टेबलाला समांतर हवे. एकच पाते इतरांपेक्षा वर राहिले तर सगळे काम ते एकटेच करते, लाकडावर ठरावीक अंतराने खुणा उमटतात आणि यंत्र थरथरते. मोजायला चुंबकी बैठकीचा डायल गेज वापरता येतो, पण लाकडी पट्टीची जुनी पद्धतही तितकीच भरवशाची आहे. कठीण लाकडाची एक सरळ पट्टी जावक टेबलावर अशी ठेवायची की तिचे टोक ब्लॉकच्या वरून पुढे जाईल. टेबलाच्या ओठाशी पट्टीवर पेन्सिलने खूण करायची. मग पट्ट्याची पुली हाताने धरून ब्लॉक सावकाश फिरवायचा. पाते पट्टीला टेकते, तिला किंचित उचलून थोडे सरकवते आणि सोडून देते. आता पुन्हा ओठाशी दुसरी खूण करायची. दोन खुणांमधले अंतर प्रत्येक पात्याला आणि पात्याच्या दोन्ही टोकांशी सारखे आले पाहिजे. ७५ मि.मी. व्यासाच्या ब्लॉकवर पट्टी ३ मि.मी. सरकली तर पाते टेबलाच्या साधारण ०.०३ मि.मी. वर आहे. उघड्या डोळ्यांना न दिसणारा फरक अशा रीतीने पेन्सिलीच्या दोन खुणांत मोजता येतो.

उंची जमल्यावर पाचरपट्टीचे बोल्ट मधल्यापासून टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळायचे. एकाच वेळी एक बोल्ट पूर्ण आवळला तर पाते सरकते. आणि शेवटच्या फेरीत प्रत्येक बोल्टला पाना लागलाच पाहिजे. एक पाते ढिले राहून यंत्र सुरू झाले तर ते पाते बाहेर फेकले जाऊ शकते. ही चूक विसरभोळेपणाने होते, म्हणून पाती बसवताना मध्येच उठून दुसरे काम करू नये. यंत्र पहिल्यांदा सुरू करताना पात्याच्या रेषेत कोणीही उभे राहू नये.

जावक टेबलाची अंतिम उंची काप घेऊनच ठरते. टेबल पात्यापेक्षा वर असेल तर लाकडाचे पुढचे टोक टेबलाच्या ओठाला अडते, किंवा लाकूड वर चढत जाऊन काप निमुळता होत जातो. टेबल खाली असेल तर काप पूर्ण होताना मागचे टोक आवक टेबलावरून सुटून पात्यावर पडते आणि शेवटच्या काही सेंटिमीटरांत खळगा पडतो. दोन्ही चुकांपैकी पहिली जास्त धोकादायक, कारण अडलेल्या लाकडाला माणूस स्वाभाविकच जोराने ढकलतो. फेन्सचा काटकोन गुण्या लावून जावक टेबलाशी तपासायचा, यंत्रावरच्या अंशपट्टीवर विसंबायचे नाही. कडा सांधण्याच्या कामात इथे एक जुनी युक्ती उपयोगी पडते. सांधायच्या दोन फळ्यांपैकी एकीची दर्शनी बाजू फेन्सला लावून आणि दुसरीची बाहेर ठेवून कडा काढल्या, तर फेन्स अर्ध्या अंशाने चुकलेला असला तरी दोन्ही कडांचे दोष एकमेकांना भरून काढतात आणि सांधलेला तक्ता सपाट येतो.

लाकडाची तयारीही यंत्राइतकीच महत्त्वाची. ओले लाकूड आज सपाट केले तर महिन्याभरात ते पुन्हा वाकते. भारतीय मानक २८७ हवेच्या आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग करते आणि त्याप्रमाणे लाकडात किती ओल चालेल हे ठरवते. कोकण किनाऱ्याच्या दमट हवेतले लाकूड आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात वाळलेले लाकूड यांना एकच माप लागू पडत नाही. फळी ज्या ठिकाणी वापरायची तिथल्या हवेत ती काही आठवडे ठेवून मगच रंधणे शहाणपणाचे. जुन्या वाड्यांच्या तुळया, दारे आणि कड्या मोडून निघालेला सागवान आजही बाजारात मोठ्या मोलाने जातो. अशा लाकडात खिळे, स्क्रू, चुना आणि माती लपलेली असते. त्यातला एक खिळा तिन्ही पाती एका क्षणात निकामी करतो आणि धातूचा तुकडा उडवतो. धातुशोधक फिरवल्याशिवाय आणि तारेच्या ब्रशने घासल्याशिवाय असे लाकूड जॉइंटरवर नेऊ नये.

फळी टेबलावर ठेवण्याआधी तिची खोलगट बाजू कोणती ते पाहायचे आणि ती खाली करायची. खोलगट बाजू खाली असली की फळी दोन कडांवर किंवा दोन टोकांवर स्थिर बसते. फुगीर बाजू खाली ठेवली तर ती पाळण्यासारखी डुलते आणि प्रत्येक काप वेगळ्या कोनात होतो. पीळ असलेली फळी याहून कठीण. तिचे दोन उचललेले कोपरे कोणते ते ओळखून, तिला मधल्या स्थितीत तोलून, पहिले काही काप तीच स्थिती ठेवून घ्यावे लागतात. तोल सुटला तर पीळ तसाच राहतो आणि फळी मात्र पातळ होत जाते. पीळ जास्त असेल तर उंच कोपरे आधी हातरंध्याने उतरवून घेणे जलद आणि सुरक्षित.

दुसरे पाहायचे ते लाकडाच्या रेषा. कडेवरून पाहिले तर रेषा एका दिशेने चढताना दिसतात. पाते त्या रेषांवरून सरकत जाईल अशा दिशेने फळी ढकलली की पृष्ठभाग गुळगुळीत येतो. उलट्या दिशेने ढकलली तर पाते रेषांच्या खाली शिरते आणि खपल्या उडतात. गाठीभोवती रेषा दिशा बदलतात, तिथे काप बारीक करणे आणि सावकाश जाणे हाच उपाय. सैल गाठीची फळी मात्र बाजूला ठेवावी, कारण सुटलेली गाठ गोळीसारखी उडते.

प्रत्यक्ष काप घेताना रुंद बाजूला ०.५ ते ०.८ मि.मी., कडेला फार तर दीड मि.मी. आणि शेवटचा काप त्याहून बारीक, हे माप बहुतेक लाकडांना पुरेसे आहे. सुरुवातीला दाब आवक टेबलावर असतो. फळीचे पुढचे टोक पात्यापलीकडे वीस-तीस सेंटिमीटर गेले की दाब जावक टेबलाकडे वळवायचा, कारण नुकतीच कापलेली बाजू आता जावक टेबलावर टेकलेली असते आणि पुढचा सगळा काप तिच्याच आधाराने सरळ होतो. पात्याच्या थेट वर दाब कधीच द्यायचा नाही. हाताची जागा बदलताना पुश ब्लॉक, म्हणजे फळी ढकलायचा मुठीचा ठोकळा, उचलून पात्यापलीकडे ठेवायचा, पात्यावरून घासत न्यायचा नाही. फार जोरही लावू नये. जोराने दाबलेली वाकडी फळी सपाट झाल्याचा भास होतो आणि सोडली की पुन्हा वाकते. थिकनेसरची चूक हाताने करण्यासारखेच ते.

रुंद बाजू रंधताना पुश ब्लॉकशिवाय काम करू नये, याला अपवाद नाही. कड रंधताना फळी उंच असेल तर बोटे पात्यापासून आपोआप दूर राहतात. फळीची उंची फेन्सपेक्षा कमी असेल तर तिथेही पुश ब्लॉक हवा. लांबी ३० सेंटिमीटरपेक्षा कमी असलेला तुकडा या यंत्रावर घ्यायचा नाही, कारण तो दोन्ही टेबलांच्या मधल्या फटीत तोंड घालू शकतो. बारा मि.मी.पेक्षा पातळ पट्टी पात्यावर थरथरते आणि फुटते. आखूड तुकडे लागणार असतील तर लांब फळी रंधून मग कापायची. फळीच्या टोकावर, म्हणजे आडव्या रेषांच्या अंगाला, जॉइंटर चालवणे टाळावे. कडेचा तुकडा उडतो आणि लाकूड हातातून हिसकले जाते.

या यंत्रावरचे अपघात सहसा एकाच घटनाक्रमाने होतात. पाते वरच्या बाजूला कारागिराच्या दिशेने फिरते. गाठ, उलटी रेषा, बोथट धार किंवा खोल काप यांमुळे लाकूड अडकते आणि मागे फेकले जाते. त्यावर दाबून ठेवलेल्या हाताखालचे लाकूड नाहीसे होते आणि हात खाली जातो. खाली असते उघडे पाते. म्हणजे अपघात हात पात्याकडे नेल्याने होत नाही, हाताखालचा आधार गेल्याने होतो. पुश ब्लॉक आणि गार्ड यांचे महत्त्व इथे आहे. लाकूड निघून गेले तरी हात आणि पाते यांच्यामध्ये काहीतरी उरते.

गार्डचे दोन प्रकार प्रचलित आहेत. अमेरिकी यंत्रांवर स्प्रिंगवर वळणारा, पंख्याच्या पात्यासारखा गार्ड असतो, जो लाकडाने बाजूला सरतो आणि लाकूड गेले की परत येतो. युरोप, ब्रिटन आणि भारतातले नियम पूल-गार्डवर भर देतात. ही पात्यावरून आडवी जाणारी, उंची आणि बाजू दोन्हीकडे जुळवता येणारी पट्टी असून तिने ब्लॉकची पूर्ण लांबी-रुंदी झाकता यावी अशी अपेक्षा आहे. वळणारा गार्ड रुंद फळीच्या कामात सोयीचा, पण लाकूड जात असताना आणि मागे फेकले गेल्यावर तो पाते क्षणभर उघडे सोडतो. पूल-गार्ड जुळवायला वेळ लागतो, पण त्याखालून फळी जात असताना हात पट्टीच्या वरून जातात आणि पाते सतत झाकलेले राहते. सुरक्षेच्या दृष्टीने पूल-गार्ड सरस आहे. फेन्सच्या मागे उरलेला पात्याचा भाग दोन्ही प्रकारांत वेगळा झाकावा लागतो, आणि तो बहुतेक जण विसरतात.

हातमोजे घालून हे यंत्र चालवू नये. पाते मोज्याचे कापड पकडते आणि त्यासोबत हात ओढते. गळ्यातला पंचा, मनगटातला दोरा, अंगठी, कडे, सैल बाही या सगळ्यांना हाच नियम. उभे राहताना फळीच्या थेट मागे न राहता जरा बाजूला, एक पाय पुढे ठेवून उभे राहावे. यंत्र बंद केल्यावर ब्लॉक बराच वेळ फिरत राहतो. तो थांबेपर्यंत टेबलावरच्या ढलप्या हाताने झाडू नयेत.

सागवानात सिलिका असते आणि ती साध्या पोलादी पात्याची धार लवकर घालवते. हायस्पीड स्टीलची पाती आणि कार्बाइडची पाती यांतला फरक सागावर विशेष जाणवतो. अलीकडे ब्लॉकवर लहान चौकोनी कार्बाइडच्या चकत्या सर्पिल ओळींत बसवलेले हेलिकल ब्लॉक मिळतात. ते आवाज कमी करतात, उलट्या रेषांवर खपल्या कमी काढतात आणि एक कोपरा बोथट झाला की चकती फिरवून दुसरी धार वापरता येते. किंमत जास्त असली तरी पाती जुळवण्याची सगळी कसरत त्यात वाचते. आवाज मात्र सरळ पात्यांच्या यंत्रावर ९० डेसिबलच्या वर सहज जातो, त्यामुळे कानांना संरक्षण लागते. लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली. सागाच्या आणि शिसवीच्या धुळीने त्वचेला खाज आणि चट्टे येणारे कारागीर याआधीही होते. यंत्राखाली शोषक नळी लावणे चैनीचे नाही.

मराठी मुलुखातल्या लहान वर्कशॉपमध्ये बहुधा एकाच दांड्यावर रंधा, गोल करवत आणि ड्रिल जोडलेले कंबाइन मशीन दिसते. त्यात रंधा वापरताना करवतही फिरत असते आणि करवत वापरताना रंधा. जो भाग वापरात नाही तो पूर्ण झाकलेला हवा, पण झाकण बहुधा कधीच काढून ठेवलेले असते. याहून जास्त काळजीची बाब बांधकामाच्या साइटवर दिसते. हातात धरायचा इलेक्ट्रिक रंधा लाकडी टेबलाला भोक पाडून उलटा बसवतात, त्याचे बटण टेपने दाबून ठेवतात आणि त्याचाच छोटा जॉइंटर करतात. त्याचा वेग मिनिटाला १६,००० फेऱ्यांच्या आसपास, तळ आखूड, गार्ड नाही आणि बंद करायला बटण हाताशी नाही. आखूड तळामुळे त्यावर लांब कड सरळही येत नाही. ज्या साइटवर जॉइंटर नाही तिथे लांब हातरंधा, किंवा सरळपट्टीला लावून चालवलेली करवत, हे दोन्ही मार्ग याहून अचूक आणि सुरक्षित आहेत. कारखान्यांसाठीचे गार्डविषयीचे नियम स्पष्ट असले तरी मोजक्या कामगारांची लहान वर्कशॉप बहुतेक कारखान्याच्या व्याख्येबाहेर राहतात. तिथे तपासायला कोणी निरीक्षक येत नाही. गार्ड जागेवर आहे की नाही हे पाहण्याचे काम मालकाचे आणि हेडमिस्त्रीचे.

दिवसाच्या शेवटी टेबले आणि फेन्स कोरड्या कापडाने पुसून त्यांवर साध्या मेणाचा पातळ हात द्यावा. पावसाळ्यात बिडाच्या टेबलावर एका रात्रीत गंज चढतो, आणि गंजलेल्या टेबलावर लाकूड अडखळत जाते. सिलिकॉन असलेला स्प्रे वापरू नये, तो लाकडात उतरतो आणि पॉलिश धरत नाही. आठवड्यातून एकदा पात्यांवर चढलेला राळेचा थर रॉकेलने काढावा. धार गेलेल्या पात्याची लक्षणे ओळखायला सोपी आहेत: आवाज बदलतो, लाकडाला चकाकी येते आणि जळल्याचा वास येतो, ढलप्यांऐवजी भुसा पडू लागतो, आणि कालपर्यंत सहज सरकणाऱ्या फळीला आज ढकलावे लागते. हे शेवटचे लक्षण दिसले की त्याच वेळी यंत्र थांबवून पाती धारेला पाठवावीत.